आपण कशाला त्यात पडायचं?

"आपा, माझ्या नावानं करू का?"

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली होती. रविवारची दुपार होती. आमच्या गडमुडशिंगीवरून विमान खाली उतरत उजळाईवाडीकडं गेलं, त्या आवाजात तिचा प्रश्न मला नीट ऐकू आला नाही. तिनं परत विचारलं. हातात मोबाईल, त्यावर मराठी विकिपीडियातलं 'शिवाजी विद्यापीठ' हे पान उघडलेलं. पोरगी आता कॉलेजात इतिहास शिकते. तिला त्या पानावर एक वाक्य नीट करायचं होतं, बस्स. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेव्हापासून शिवाजी विद्यापीठाकडं कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे राहिले, एवढंच ते वाक्य. संदर्भ तिनं शोधून ठेवला होता. अडलं होतं ते नावापाशी. खातं उघडायचं तर कुठल्या नावानं? तिचं नाव वाचलं की ती कोण आहे ते कुणालाही कळतं. आणि पानाच्या माथ्यावर नाव आहे शिवाजी महाराजांचं.

मी काही बोलायच्या आत तिच्या अब्बांनी उत्तर दिलं. तिला सोडायला तेच आले होते, दारातच उभे होते. म्हणाले, "टीचर, तुम्ही तिला समजवा. आपण कशाला त्यात पडायचं? लिहिणारे लिहितील की."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, त्या माणसाविरुद्ध नाही. त्यांना मी भित्रा म्हणणार नाही. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. काही पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट तोडलं गेलं. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फुटली, मशीद फोडली गेली. ज्यांचा स्टेटसशी संबंध नाही आणि गडावरच्या अतिक्रमणाशीही नाही, त्यांनीसुद्धा ते दिवस दाराला कडी लावून काढले. त्यानंतर ज्या बापाला आपल्या पोरीचं नाव इंटरनेटवर शिवाजी महाराजांच्या नावाशेजारी नको वाटतं, त्याला शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही. भीती खरी आहे. पण त्या भीतीतून आपण जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते आज स्पष्टच मांडते.

आधी हे पान म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की विकिपीडिया एखादी कंपनी लिहिते, किंवा विद्यापीठाचं पान विद्यापीठच लिहितं. तसं नाही. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी. त्यातलं प्रत्येक पान तुमच्या-माझ्यासारखी माणसं बिनपगारी लिहितात. वर 'संपादन' असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं आणि लिहायचं. शेजारी 'इतिहास' असतो. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, ते सगळं तिथं नोंदलेलं असतं. एक 'चर्चा' पानही असतं. मतभेद झाला की तिथं बोलायचं. चुकीचं लिहिलं तर दुसरा कुणी ते उलटवतो, आणि त्यानं चुकीनं उलटवलं तर तुम्ही संदर्भ दाखवून परत घालता. नियम थोडे आहेत. लिहाल ते पडताळता आलं पाहिजे. बाजू घ्यायची नाही. स्वतःचं संशोधन तिथं आणायचं नाही, आधी कुठं तरी विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याचा मजकूर उचलून चिकटवायचा नाही. आणि ज्याचा हितसंबंध आहे त्यानं स्वतःच स्वतःची आरती ओवाळायची नाही.

मराठीत कोशाची परंपरा मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. पुढं वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. ही माणसं डोंगराएवढी होती. पण त्या कोशांत काय यावं आणि काय येऊ नये हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती मुडशिंगीतला टेम्पोवाला आणि त्याची पोरगी कधी बसली नव्हती, बसण्याचा प्रश्नही नव्हता. आज ते टेबल उघडं आहे. खुर्ची रिकामी आहे. आणि आपण दारात उभं राहून म्हणतोय, आपण कशाला त्यात पडायचं?

का पडायचं ते सांगते.

पहिलं कारण साधं आहे. हे विद्यापीठ आपलं आहे. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी आपल्या भागातल्या पोराला पदवी पुण्याच्या विद्यापीठाची मिळायची. पोरीचा तर विचारच नको. राजाराम तलावाच्या शेजारी ८५३ एकरांवर हे विद्यापीठ उभं राहिलं आणि गावागावांतल्या शेतकऱ्यांच्या, पिंजाऱ्यांच्या, बागवानांच्या, तांबोळ्यांच्या घरांत पहिला पदवीधर झाला. तुमच्या घरातला पहिला पदवीधर कोण ते आठवा, आणि त्याच्या प्रमाणपत्रावर कुणाची मोहोर आहे ते पाहा. त्याआधीची गोष्टही आपलीच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी करायला पुढाकार घेतला, त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. खेड्यातली मुसलमानाची पोरं दसरा चौकात राहून शिकली. कोल्हापुरातल्या शिक्षणाच्या इतिहासात आपण पाहुणे नाही. मग त्या इतिहासाचं पान लिहिताना पाहुण्यासारखं चपलांपाशी का बसायचं?

दुसरं कारण जरा टोचणारं आहे. आपल्याला तक्रार करायची फार सवय लागलीय. पाठ्यपुस्तकात आपण नाही, मालिकांत फक्त खलनायक म्हणून आहोत, इतिहासातून आपल्याला काढलं, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात बोलतो. मीही बोलते. त्यात खोटं काही नाही. पण पाठ्यपुस्तक मंडळावर मी जाऊ शकत नाही, मालिका मी काढू शकत नाही. ज्या एका जागी मला कुणाच्या शिफारशीशिवाय, पैशाशिवाय, ओळखीशिवाय लिहिता येतं, तिथं मी किती वेळा गेले? माझं उत्तर, ही पोरगी येईपर्यंत, शून्य होतं. वीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या बाईचं उत्तर शून्य. तुमचं काय आहे?

आणि जिथं लिहितो तिथं काय लिहितो? आता राग आला तरी चालेल, पण ऐका. दर शिवजयंतीला आपल्या ग्रुपवर एक यादी फिरते. महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान, इतके अंगरक्षक, इतके सरदार. आकडा दर वर्षी वाढतो. मी एकदा पाठवणाऱ्या नातेवाइकांना विचारलं, "भाईजान, हा आकडा कुठून आला?" ते म्हणाले, "बाजी, चांगलंच लिहिलंय की, कशाला खोलात जाता?" मी खोलात जाते, कारण दौलतखान आरमारात होता याला कागद आहे, काझी हैदर महाराजांच्या पदरी होता याला कागद आहे. टक्केवारीला कागद नाही. मदारी मेहतरची गोष्ट आपल्याला फार प्यारी आहे, पण तिला समकालीन पुरावा सापडत नाही असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. कागद नसलेली गोष्ट कागद असलेल्या गोष्टीशेजारी ठेवली की समोरचा दोन्ही एकदम फेकून देतो. आपलं नुकसान आपणच केलेलं असतं.

खरं तर 'संदर्भ दे' हा नियम आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होता. हदीस म्हणजे नुसतं वाक्य नव्हे, त्याच्यामागे सनद असते. याच्याकडून त्यानं ऐकलं, त्यानं अमक्याकडून, असं करत साखळी थेट पैगंबरांपर्यंत नेऊन पोचवायची. मधला एक रावी कमजोर निघाला तर बोल कितीही गोड असो, जईफ ठरतो. रावी कोण होता, कुठं राहिला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, खरं बोलायचा का, यावर आपल्या विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्या परंपरेची माणसं आपण, आणि आज मोबाईलवर आलेला मजकूर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं वर लिहिलेलं असताना पुढं ढकलतो. फॉरवर्डेड मेनी टाइम्स म्हणजे सनद नव्हे, भाईजान. ती सनद तुटल्याची खूण आहे.

आता नावाच्या वादाकडं येते, कारण त्याला टाळून हा विषय होत नाही. मार्च २०२५ मध्ये कोल्हापुरात मोर्चा निघाला. मागणी होती की विद्यापीठाचं नाव 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करावं, नुसतं 'शिवाजी' म्हणणं एकेरी आहे. त्याला कोल्हापुरातूनच विरोध झाला. विरोध करणारे म्हणाले, नाव देणाऱ्यांनी ते विचार करूनच आटोपशीर ठेवलं. लांब नावाची आद्याक्षरं होतात आणि मूळ नावच तोंडातून जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला लोक 'एम.एस.' म्हणतात, सयाजीराव कुठं राहिले? मला हा मुद्दा पटतो. 'शिवाजी विद्यापीठ' म्हणताना कोल्हापूरचा माणूस ते नाव रोज पूर्ण उच्चारतो, यात अनादर कसला? पण इथं माझ्या पटण्याला किंमत नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. नाव काय असावं ते सरकार आणि विधिमंडळ ठरवेल. कोशातल्या पानाचं काम वेगळं आहे. आज कायद्यात नाव काय आहे ते लिहायचं. कुणी बदलाची मागणी केली, कधी केली, काय कारण दिलं ते लिहायचं. कुणी विरोध केला, त्यांनी काय कारण दिलं तेही तितक्याच सरळपणे लिहायचं. मागं संदर्भ द्यायचा आणि थांबायचं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसं झगडली, घरं जळाली, जीव गेले. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव आलं, सोलापूरच्या विद्यापीठाला पुढं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं. नावामागची ही सगळी धग ज्या पानावर दोन्ही बाजूंनी आणि तारखांसह नोंदलेली असते, ते पान पन्नास वर्षांनी कामाचं ठरतं. ज्या पानावर रात्रीतून एक जण नाव बदलतो आणि सकाळी दुसरा ते परत आणतो, ते पान म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. आणि त्या चर्चेत कोल्हापूर जिल्ह्यातला एकही मराठी मुसलमान नसेल, तर 'यांना काय त्याचं' हा शेरा आपण आपल्या हातानं आपल्यावर लिहून घेतला असं होईल. महाराज आपलेही आहेत म्हणता ना? मग त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची नोंद अचूक असावी ही काळजीही आपली आहे.

इथं कुणी म्हणेल, बाई, लिहिणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात त्याचं काय? बरोबर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडियातल्या मजकुरावरून राज्यात गदारोळ झाला. महाराष्ट्र सायबरनं आधी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि मग काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या मजकुराची बाजू मी घेत नाही. तो चुकीचा असेल, एकांगी असेल, तर त्यावर उपाय त्याच पानावर होता. चर्चा पानावर जा, संदर्भ कच्चा आहे हे दाखवा, चांगला संदर्भ आणा, वाक्य बदला. आपल्या महाराष्ट्रात मराठ्यांच्या इतिहासाचे जेवढे जाणकार आहेत तेवढे जगात कुठं नाहीत. त्यातल्या दहा जणांनी महिनाभर त्या पानावर बसून काम केलं असतं, तर पोलिसांची नोटीस करू शकली नाही ते झालं असतं. नोटिशीनं मजकूर सुधारत नाही, लिहिणारा पळून जातो. आणि जाणता लिहिणारा सगळ्यांत आधी पळतो, कारण त्याला नोकरी असते, घर असतं, अब्रू असते. मागं उरतो तो बेफिकीर.

न्यायालयातही हा प्रश्न गेला. एका वृत्तसंस्थेनं आपल्याबद्दलच्या पानावरून विकिपीडियावर खटला भरला, संपादकांची ओळख मागितली. त्या खटल्याबद्दलचं पानच काढून टाका असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. म्हणजे वाट पूर्ण मोकळी झाली असं नाही, पण बंदही झालेली नाही. अशा वेळी घरी बसणं म्हणजे बंद करणाऱ्याचं काम फुकटात करणं.

आता विकिपीडियावरच्या आक्षेपांना उत्तर देते, कारण तो काही पाक जमजम नाही. माझे शिक्षक मित्र म्हणतात, कुणीही लिहितो त्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी म्हणते, ठेवूच नका. मी माझ्या मुलांनाही तेच शिकवते. पान वाचा, मग खाली जा, संदर्भ पाहा, तो उघडा. जिथं संदर्भ नाही तिथं ते वाक्य तुमच्यासाठी नाही. पण हाच नियम गाईडला लावा, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना लावा, वृत्तपत्रातल्या पुरवणीला लावा, आणि वर्गात बोलणाऱ्या मलाही लावा. मी एकदा मुलांना शिवाजी विद्यापीठावर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. निम्म्या मुलांनी सोलापूर जिल्हा त्यात घातला होता. एका जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून उतरवून आणलेलं. ते पुस्तक दुरुस्त करायला मी कुठं जाऊ? त्यावर 'संपादन' लिहिलेलं नाही. ही पोरगी त्याच वर्गात होती. तेव्हापासून ते सोलापूर तिच्या डोक्यात बसलं होतं.

दुसरा आक्षेप असा की तिथंही मोजक्या लोकांचीच चालते. मराठीत सातत्यानं लिहिणारे थोडे, त्यातले नियम राबवणारे प्रचालक आणखी थोडे, आणि थोड्या लोकांच्या सवयी म्हणजेच नियम होऊन बसतात. खरं आहे. ग्रामपंचायतीपासून साहित्य परिषदेपर्यंत कुठं वेगळं आहे? माणसं कमी असली की सत्ता आपोआप गोळा होते. त्यावर माणसं वाढवणं एवढा एकच इलाज आहे. बाहेर राहून 'त्यांची मक्तेदारी' म्हणायचं आणि आत जायचं नाही, ही चैन झाली.

तिसरा आक्षेप विद्यापीठांच्या बाजूनं येतो. कोणत्याही विद्यापीठातल्या हौशी माणसाला वाटतं, आपल्या पानावर सगळं चांगलं चांगलं असावं. मग 'अग्रगण्य', 'नामांकित', 'गौरवशाली परंपरा लाभलेले' अशी विशेषणं येतात आणि संकेतस्थळावरचा मजकूर उचलून पानावर ओतला जातो. मी भाषा शिकवते, म्हणून सांगते. विशेषण म्हणजे पुरावा नसल्याची कबुली असते. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए प्लस प्लस श्रेणी ३.५२ गुणांसह मिळाली, हे वाक्य पुरेसं आहे. त्यापुढं 'अग्रगण्य' लिहिलं की वाक्य लहान होतं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासकार होते. 'ताराबाईकालीन कागदपत्रे' त्यांनी संपादित केली. म्हणजे या विद्यापीठाची सुरुवातच कागद शोधून, वाचून, छापणाऱ्या माणसानं केली. त्याच विद्यापीठाच्या पानावर कागद नसलेली स्तुती लिहिणं म्हणजे आप्पासाहेबांच्या मेहनतीवर पाणी ओतणं. आणि कुठल्या विद्यापीठात परीक्षेचा घोळ झाला, आंदोलन झालं, चौकशी बसली आणि ते विश्वासार्ह ठिकाणी छापून आलं, तर तेही पानावर यायला हवं. फक्त कौतुक असेल तर ती माहितीपुस्तिका झाली.

आता माझ्या स्वतःच्या लोकांसाठी शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्यातला एखादा उत्साही तरुण विकिपीडियावर गेलाच, तर तो थेट औरंगजेब, टिपू, अफजलखान याच पानांवर जातो. दोन दिवस भांडतो, त्याचं लिखाण उलटवलं जातं, आणि तो 'तिथं आपलं ऐकत नाहीत' म्हणून परत येतो. अरे बाबा, तू तिथं लिहायला गेला होतास की वकिली करायला? ज्या माणसानं दोनशे साध्या नोंदी नीट केल्यात, गावांची पानं लिहिलीत, शुद्धलेखन सुधारलंय, त्याचा शब्द कठीण पानावर ऐकला जातो. पत अशीच मिळते, उधारीच्या दुकानातही आणि कोशातही. म्हणून माझं सांगणं आहे की मुसलमानांनी फक्त मुसलमानांवर लिहू नये. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर कोण, ज्यांचं नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे, ते लिहा. वि. स. खांडेकरांचं संग्रहालय विद्यापीठात आहे, त्यावर लिहा. राजाराम तलावावर लिहा. गांधीनगरच्या कापडबाजारावर लिहा, तिथं आपली निम्मी पोरं कामाला जातात. वळिवड्याला महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, त्यावर लिहा. मराठी माणूस म्हणून लिहा. नागरिकत्व सिद्ध करायला कागद मागतात म्हणून आपण चिडतो, आणि रास्त चिडतो. पण आपल्या मातीवर अधिकारानं लिहिणं ही गोष्ट कुणी मागायच्या आधीच करायची असते.

उर्दू येणाऱ्यांवर तर दुप्पट जबाबदारी आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं मोडीत आहेत तशी फारसीत आहेत. ग. ह. खऱ्यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' काढलं, सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दूतलं किती धन मराठीत आणलं. त्यांना ती लिपी कष्टानं शिकावी लागली. आपल्या पोरांना ती पहिलीपासून येते, पुढं फारसी शिकायला निम्मी वाट त्यांनी चाललेलीच असते. उर्दू विकिपीडियावरच्या नोंदींची संख्या लाखाच्या कधीच पुढं गेलीय. इथलं तिथं आणि तिथलं इथं नेणारा माणूस कोल्हापूर-सांगलीच्या उर्दू शाळेतूनच निघू शकतो. पण त्याला कुणी सांगितलं पाहिजे की हे तुझं काम आहे.

मी त्या दिवशी पोरीला काय सांगितलं? खरं सांगते, मी तिला 'बेधडक स्वतःच्या नावानं लिही' असं सांगितलं नाही. तो सल्ला देणं मला सोपं होतं, परिणाम तिनं भोगले असते. विकिपीडियावर टोपणनावानं लिहिता येतं, पुष्कळ जण तसंच लिहितात, त्यात चोरी नाही. तिथं नावाला किंमत नाही, संदर्भाला आहे. तिनं एका फुलाच्या नावानं खातं उघडलं. आमच्या ओट्यावर बसून, तिच्या अब्बांच्या देखत, ते एक वाक्य संदर्भासह घातलं. पाच मिनिटांचं काम. माझ्या मनात मात्र तेव्हाच एक काटा रुतला, तो अजून आहे. एका सोलापूरच्या वाक्यासाठी माझ्या विद्यार्थिनीला फुलाचं नाव घ्यावं लागलं. ज्या विद्यापीठात तिची पदवी होणार आहे, त्याच्याच पानावर. ही लाज तिची नाही. ती कोल्हापूरची आहे, आणि शाहूंचं नाव रोज घेणाऱ्या प्रत्येकानं ती थोडी थोडी वाटून घ्यावी.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. कुणा अनोळखी माणसानं तिचं संपादन पाहिलं होतं. आम्ही तिघंही घाबरून ज्याची वाट पाहत होतो ते काही घडलं नाही. त्या माणसानं तिचं एक चुकलेलं वेलांटीचं अक्षर दुरुस्त केलं होतं, संदर्भ नीट मांडला होता, आणि तिच्या चर्चा पानावर स्वागताचे चार शब्द लिहिले होते. तो कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे तिला माहीत नाही. ती कोण हे त्याला माहीत नाही. दोघांनी मिळून एक मराठी वाक्य बरोबर केलं.

तिच्या अब्बांनी फोन घेतला. "टीचर, ती आता रोज लिहितो म्हणतीया. काय करू?"

मी म्हटलं, "भाईजान, तिचं शुद्धलेखन सुधारायला पाहिजे. पाठवा तिला रविवारी. आणि सोबत आणखी चार पोरी असतील तर त्यांनाही पाठवा."

या रविवारी सहा जणी येणार आहेत. पहिली नोंद आमच्या गडमुडशिंगीची घ्यायचं ठरलंय. येताना प्रत्येकीनं एक छापील संदर्भ आणायचा. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं, संदर्भ मात्र विसरू नये.